पाच मिनिटे आणि एका एकराचा हिशेब

सभा संपवून गावाकडे निघालेल्या माणसाला एस.टी. स्टँडवर गाठा आणि विचारा, "काय झाले सभेत?" तो सांगेल, "भाषणे जोरात झाली." पुढे विचारा, "काय म्हणाले?" आता तो जरा थांबतो. "लई तोडून बोलले," म्हणतो. कोणाला तोडले, कशासाठी तोडले आणि उद्या आपण काय करायचे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. दोष त्याचा नाही. दिवसाची मजुरी बुडवून, पदरचे भाडे भरून तो आला होता. गावी घेऊन जाण्यासारखे काही त्याच्या पदरात कोणी टाकलेच नाही.

नागापूरच्या बैठकीला कापूसवाले शेवगाव, पाथर्डी, नेवाशाकडून येतात. ज्वारीवाले जामखेड, कर्जत, पारनेरकडून येतात. बागायतदाराचे गाऱ्हाणे मांडायला कारखाना असतो, संचालक असतात, आमदारही पुष्कळदा त्यांच्यातलाच असतो. कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षात एक पीक आणि बोलायला एखादी बैठक. तिथे त्याच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. ती कशी वापरायची हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय नाही, पोटाचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: भाषण लिहून आणा, आणि ते शेवटापासून लिहा. आधी मागणी लिहा. मग ती मागणी उभी राहील एवढा हिशेब लिहा. या दोन्हींच्या कामाचे नसेल ते, कितीही गोड वाटले तरी, खोडून टाका.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "लिहून आणलेले भाषण म्हणजे मास्तरकी. शेतकऱ्याचे बोलणे काळजातून आले पाहिजे." काळजातून आलेच पाहिजे. पेरणीही आपण काळजातूनच करतो. तरी चाड्यावर मूठ धरण्याआधी बी किती, अंतर किती, कोणत्या पट्टीत काय, हे ठरलेले असते. मृगाच्या पावसाने आनंद झाला म्हणून कोणी मूठ मोकळी सोडून सगळे बी पहिल्याच तासात ओतत नाही. भाषणात मात्र आपण नेमके तेच करतो. पहिल्या दोन मिनिटांत सरकार, व्यापारी, बँक, वीज मंडळ, निसर्ग आणि नशीब सगळे ओतून होते. मग चाडे रिकामे आणि अर्धे शिवार पेरायचे बाकी.

दुसरी गोष्ट. "काळजातून" बोलणारे बहुधा तेच असतात, ज्यांना रोज बोलायची सवय असते. ते पाच मिनिटांची चाळीस करतात, आणि त्या चाळीस मिनिटांत सात जणांचे बोलणे बुडते. जो पहिल्यांदा उभा राहतो, ज्याचे पाय कापतात, त्याला हातातला कागद हाच आधार असतो. लिहून आणण्याचा नियम त्याच्या बाजूचा आहे.

शेतकऱ्याच्या बोलण्याचा आपल्याकडचा थोर नमुना पाहा. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ साली. त्यातला मजकूर त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांना वाचून दाखवला. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याच कानांवर घालून पाहिले. पुढे २ मार्च १८८८ रोजी हरि रावजी चिपळूणकरांनी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ समारंभ केला. दागदागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले. त्यांच्या बोलण्याचा मतलब एवढाच होता की इथे जमलेल्या श्रीमंतांवरून देशाची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यात आहे. आणि त्या रयतेला शिक्षण द्या, हे राणीला कळवा. एक पोशाख, एक मुद्दा, एक मागणी. तो वेष काही वाटेत सुचलेला नव्हता. काय सांगायचे ते घरून ठरवून निघालेल्या माणसाचे ते काम होते.

दुसरा नमुना कोकणातला. खोतीने पिचलेल्या कुळांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यानंतर १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. क्रम ध्यानात घ्या. आधी कलमे लिहून झाली, मग माणसे रस्त्यावर आली, मग भाषण झाले. चालणाऱ्या माणसाला आपण कशासाठी चालतो हे एका वाक्यात सांगता येत होते. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडले, ही गोष्ट खरी. पण मागणी कागदावर होती म्हणूनच ती एवढी वर्षे टिकली. नुसत्या टाळ्या मंडपाच्या बाहेरही येत नाहीत.

आणि तिसरा नमुना आपल्याच जिल्ह्यातला, पुणतांब्याचा. १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची मुळे त्याआधी एप्रिलमध्ये गावाच्या ग्रामसभेत झालेल्या ठरावात होती. शेतकऱ्याने संपावर जावे ही भाषा सभांमधून पूर्वीही ऐकू येत असे. पुणतांब्याने ती ठरावाच्या वहीत उतरवली, तारीख घातली, आणि राज्यभर दूध-भाजीपाला थांबला. ३ जूनच्या पहाटे मुंबईत संप मागे घेतल्याची घोषणा झाली, तेव्हा गावोगावचे शेतकरी म्हणाले, "आम्हाला हे मान्य नाही," आणि आंदोलन चालूच राहिले. का? कारण मागणी काय आहे ते घराघरात ठाऊक होते. मुंबईच्या खोलीत चौघांनी मिटवून टाकावी इतकी ती चौघांची राहिली नव्हती. २४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली. तिच्या अटींमुळे किती जण बाहेर राहिले हा वेगळा विषय. आपल्यापुरता धडा हा की जी मागणी सगळ्यांना पाठ असते, तिचा सौदा परस्पर करता येत नाही. सगळ्यांना पाठ व्हावी अशी मागणी तयार करणे, हेच भाषणाचे काम.

आता कागद घ्या आणि तळाशी शेवटची ओळ लिहा.

त्या ओळीत चार गोष्टी हव्यात: कोणाकडून, काय, कुठे, केव्हापर्यंत. "कापसाला भाव मिळालाच पाहिजे" ही मागणी नव्हे. या वाक्याला व्यासपीठावरचा मंत्रीही टाळ्या वाजवतो. ज्या वाक्याला मंत्री टाळ्या वाजवतो, त्या वाक्याने त्याला काहीच करावे लागत नाही, हे समजून चाला. त्याऐवजी असे लिहा: "आमच्या तालुक्यात सीसीआयचे खरेदी केंद्र पहिल्या वेचणीचा कापूस घरात आहे तोवर, दिवाळीच्या आत, सुरू झाले पाहिजे." आता साहेबाला 'हो' म्हणावे लागेल किंवा 'नाही' म्हणावे लागेल. 'पाहतो' म्हणाला तर सगळ्या मंडपाला दिसेल की तो टाळतो आहे.

एका माणसाने एकच मागणी मांडावी. ओलाव्याचा विषय दुसऱ्या वक्त्याला द्या. सीसीआय आठ टक्के ओलावा धरून पूर्ण हमीभाव देते, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत टक्क्याला टक्का कापते, आणि बारापुढे कापूस घेत नाही. मग ओलाव्याचा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर घ्यावा आणि नापास केलेल्या गाडीचे कारण लेखी द्यावे, ही दुसऱ्याची मागणी. २०२५-२६ च्या हंगामात विक्रीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याचे काय, हा तिसऱ्याचा विषय. अशी वाटणी बैठकीच्या आदल्या दिवशी केली तर तीन भाषणांत तीन कामे होतात. नाही केली तर तिघेही भावावरच बोलतात आणि तिघांचे मिळून एकही काम होत नाही.

मागणी लिहून झाली की हिशेब. इथे आपली फार गफलत होते. शेतकऱ्यांच्या सभेत उभे राहून आपण शेतकऱ्याला त्याचेच दुःख सांगतो. ते त्याला पाठ आहे. अवकाळी, बोंडअळी, सावकार यांचे वर्णन ऐकायला तो आलेला नाही. त्याने जो हिशेब घरी केलेला नाही तो त्याला सांगा.

२०२५-२६ साठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल ठरवला. सरकार म्हणते, हा खर्चाच्या दीडपट आहे. बरोबर आहे, मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च त्यांनी क्विंटलला ५,१४० रुपये धरला, त्याची दीडपट ७,७१० च येते. पण हा खर्च साऱ्या देशाची सरासरी आहे. त्यात पाटपाण्यावरचा कापूसही आला. शिवाय त्यात बी-खत-मजुरीचा खर्च आणि घरच्यांच्या श्रमाची किंमत आहे; स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज त्यात नाही.

आता तुमची वही काढा. समजा नांगरट, वखरणी, बी, खत, कोळपणी, फवारणी, वेचणी धरून एकरी २८,००० रुपये गेले आणि पावसाने ताण दिल्यामुळे चारच क्विंटल कापूस झाला. म्हणजे क्विंटलला ७,००० रुपये खर्च. ७,७१० मिळाले तरी दीडपट कुठे राहिली? आणि व्यापाऱ्याच्या पट्टीवर ७,००० पडले असतील तर वर्षभराच्या राबण्याचे शिल्लक शून्य. कोरडवाहूचे सगळे दुखणे या एका वाक्यात आहे: खर्च एकराचा होतो, भाव क्विंटलचा मिळतो. पाऊस गेला की खर्च कमी होत नाही, क्विंटल कमी होतात. हे वाक्य एखाद्या एकराच्या खऱ्या हिशेबातून आले तर ऐकणारा ते गावी नेतो. माझे आकडे नमुन्याचे आहेत, ते सभेत सांगू नका. तुमच्या वहीतले सांगा.

ज्वारीवाल्यांनी एक सावधगिरी बाळगावी. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये होता. सरकारने खर्च २,४६६ रुपये धरला. तुम्ही एकराचा सगळा खर्च दाण्यावर टाकून बोलाल, तर साहेब लगेच विचारील, "आणि कडबा?" मग मंडपात हशा पिकतो आणि तुमचा खरा मुद्दाही खोटा पडतो. म्हणून कडबा आपणच आधी सांगा. किती पेंढ्या झाल्या, किती घरच्या जनावरांनी खाल्ल्या, उरल्या त्या काय भावाने गेल्या, हे मांडा आणि मग तोटा दाखवा. समोरचा जो प्रश्न विचारणार तो आपणच आधी विचारून त्याचे उत्तर देणे, याइतकी भाषणाला बळकटी देणारी दुसरी गोष्ट नाही. आणि उत्तर देता येत नसेल तर मागणी अजून कच्ची आहे असे समजावे.

आकडे तीनच सांगावेत. चौथा आकडा आला की पहिला विसरतो. खर्च किती, मिळाले किती, फरक किती, एवढे पुरे. फरकाला क्विंटलने गुणून घरात किती कमी आले ते सांगा. पट्टी ७,००० ची असेल तर हमीभावापेक्षा ७१० रुपये कमी. बारा क्विंटलला ८,५२० रुपये. "शेतकऱ्याची लूट होते" हे वाक्य हजार वेळा ऐकले आहे. "माझ्या घरातले आठ हजार पाचशे वीस रुपये कमी झाले, ही घ्या पट्टी," हे ऐकल्यावर मागच्या रांगेतला माणूस खिशातली आपली पट्टी काढतो. तिथून सभेला सुरुवात होते.

आता सुरुवातीची ओळ, ती सगळ्यात शेवटी लिहावी. व्यासपीठावरील सन्माननीयांची नावे घेण्यात चार मिनिटे गेली की पाचांतले एक उरते. शरद जोशींची मते कोणाला पटोत न पटोत, पण "शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो" एवढे म्हणून ते थेट विषयाला हात घालत. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती केलेल्या त्या माणसाने उत्पादन खर्चाचा क्लिष्ट विषय खेड्यापाड्यांत नेला, तो असा साध्या हिशेबाने. रास्त भाव हा एककलमी कार्यक्रम त्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवला. लोकांच्या डोक्यात तो बसला यामागे हे एकच कलम आहे.

मायबहिणींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. कापूस वेचतात बाया. किलोला वेचणीचे काय द्यावे लागले, दिवसात किती किलो वेचून होतात, तिसऱ्या वेचणीला कवडी-कापूस निवडण्यात किती दिवस जातात, हा हिशेब बाईच्या तोंडी पाठ असतो. सभेत तो पुरुष सांगतो, आणि चुकीचा सांगतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. त्यालाही आता चाळीस वर्षे होत आली, आणि तालुक्याच्या बैठकांत बाया अजून मंडपाच्या कडेला बसतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायदा सांगतो. तिथे वेचणीचा हिशेब लिहून काढा, आणि जिल्ह्याच्या बैठकीत तो वेचणाऱ्या बाईनेच वाचावा. वाचताना अडखळली तरी चालेल. खरा आकडा अडखळत सांगितला तरी खराच राहतो.

लिहून झाले की घरात मोठ्याने वाचा. म्हाताऱ्या आईसमोर, शाळेतल्या पोरासमोर वाचा. जिथे आई "म्हणजे काय रे?" म्हणते तिथला शब्द बदला. जिथे पोरगे जांभई देते ते वाक्य खोडा. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो; पाच मिनिटांचे म्हणजे पाचशे-सहाशे शब्द, वहीची दोन-तीन पाने. त्याहून जास्त भरले तर दुसऱ्याच्या रानात औत घातल्यासारखे आहे. शेवटी ठळक अक्षरात एका कागदावर फक्त मुद्दे, तीन आकडे आणि मागणीचे वाक्य उतरवा. उभे राहाल तेव्हा तेवढाच कागद हातात असू द्या. मागणीचे वाक्य मात्र जसे लिहिले तसेच, शब्द न बदलता बोला, आणि दोनदा बोला.

भाषणाने पाऊस पडत नाही, बाजारात कापूस महाग होत नाही, हे मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली, ते आपल्या मंडपातल्या भाषणांनी थांबले नसते. पण त्या निर्णयाने माझ्या गावात किती घरांत किती रुपये कमी आले, हे सांगणारे शंभर कागद जिल्ह्यात असते तर 'शेतकऱ्यांवर परिणाम होणार नाही' असे कोणालाही सहज म्हणता आले नसते. हिशेब नसतो तिथे दुसऱ्याचा हिशेब खरा मानावा लागतो.

म्हणून बैठकीच्या चालकांना एक सूचना आणि तुम्हा सर्वांना एक विनंती. सूचना अशी की ज्याने मागणी लिहून आणली त्याला आधी बोलू द्यावे, मग तो कोणी का असेना. पुढाऱ्यांनी शेवटी बोलावे आणि त्यांनाही पाचच मिनिटे असावीत. प्रत्येक भाषणाच्या शेवटची ओळ तिथल्या तिथे ठरावाच्या वहीत उतरवावी, मंडपाला वाचून दाखवावी आणि हात वर करून मंजूर करून घ्यावी. विनंती अशी की कागदाच्या दोन प्रती आणा. एक वहीला लागेल, दुसरी ज्या कचेरीकडे मागणी आहे तिथे द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. मागणीत जी तारीख घातली असेल, ती पुढच्या बैठकीची पहिली बाब असेल. त्या दिवशी पहिला वक्ता उभा राहील आणि पोच हातात धरून विचारील, "झाले का?"